शुक्राणू पिकतो कशाने: वेळेने की वाटेने?

सस्तन प्राण्याच्या वृषणातून बाहेर पडणारा शुक्राणू दिसायला पुरा असतो. डोके, मान, शेपूट सगळे जागच्या जागी. पण त्याला धड पुढे पोहता येत नाही आणि अंडपेशीपाशी नेऊन सोडले तरी तिच्यात शिरता येत नाही. हे दोन्ही गुण त्याच्या अंगी येतात ते वृषणाला बिलगून असलेल्या, वेटोळे घातलेल्या एका नळीतून जाताना. तिचे नाव अधिवृषण. डॉक्टरांच्या तोंडी एपिडिडिमिस. माणसाची ही नळी उलगडली तर साधारण ६ मीटर भरते, घोड्याची ८० मीटरच्या घरात जाते. माणसात हा प्रवास २ ते ११ दिवस चालतो.

गंमत अशी की नळी आधी माहीत झाली आणि तिच्यातला प्रवासी नंतर. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचा वैद्य रेग्निए द ग्राफ याने १६६८ साली पुरुषाच्या जननेंद्रियांवरच्या ग्रंथात तिचे वर्णन केले. त्याच गावच्या लेवेनहुकने शुक्राणू भिंगाखाली पाहिले ते १६७७ मध्ये. पुढे बराच काळ ही नळी म्हणजे फक्त जाण्याची वाट, फार तर कोठार, एवढीच समजूत होती. फ्रान्समध्ये तुर्नाद याने १९१३ साली नळीच्या वेगवेगळ्या भागांतले शुक्राणू काढून त्यांची हालचाल ताडून पाहिली. नळीच्या शेवटच्या टोकाचे शुक्राणू जास्त चपळ निघाले. हे कशामुळे, या प्रश्नावर मात्र पुढची पन्नास वर्षे गेली.

त्यातला मोठा वाटा अमेरिकेतल्या विल्यम यंगचा. १९२९ ते १९३१ या काळात त्याने गिनीपिगच्या अधिवृषणाला दोरा बांधून वाटच अडवली. वरच्या, म्हणजे वृषणाजवळच्या भागात अडकून पडलेले शुक्राणूही काही दिवसांनी हालचाल करू लागले. यावरून यंगने निष्कर्ष काढला की शुक्राणूला लागतो तो फक्त वेळ. वृषणात सुरू झालेली वाढ तो आपली आपण पुरी करतो, नळीच्या स्रावांचा त्यात विशेष हात नाही. प्रयोग चांगला होता, निरीक्षणही खरे होते. पण हालचाल आली म्हणजे फलनक्षमता आलीच, हे त्यात गृहीत धरले गेले आणि तिथेच गोम होती.

ती गोम सापडायला १९६०चे दशक उजाडावे लागले. मायकेल बेडफर्ड आणि मूळच्या फ्रेंच मारी-क्लेअर ऑर्जबँ-क्रिस्ट या दोघांनी स्वतंत्रपणे ससा निवडला. नळीच्या एकेका भागातले शुक्राणू थेट मादीच्या शरीरात सोडायचे आणि किती अंडपेशी फळतात ते मोजायचे, अशी ही सरळ पद्धत. वरच्या भागातले नापास झाले, खालच्या भागातले पास. बेडफर्डने दोरा बांधण्याचा प्रयोगही सशावर केला. वर अडकलेल्या शुक्राणूंना हालचाल आली, पण अंडपेशी फलित करणे काही जमले नाही. म्हणजे नुसता वेळ पुरत नाही, खालच्या भागातून जावेच लागते.

आज मागे वळून पाहिले तर हे असेच असणार होते. शुक्राणूच्या केंद्रकातला डीएनए इतका घट्ट बांधलेला असतो की त्यावरून नवी प्रथिने बनवणे त्याला शक्यच नसते. जे मिळवायचे ते बाहेरून. नळीच्या भिंतीतल्या पेशी प्रथिने स्रवतात, काही प्रथिने सूक्ष्म पुटिकांमधून, म्हणजे इवल्याशा पिशव्यांतून, त्याच्या आवरणावर पोचवतात. डोक्यातल्या प्रथिनांमध्ये गंधकाचे पूल बांधले जाऊन ते आणखी टणक होते. मानेजवळ चिकटलेला पेशीद्रवाचा थेंब शेपटीवरून खाली सरकतो आणि शेवटी गळतो. वळूचे वीर्य कृत्रिम रेतनासाठी तपासताना मानेपाशी थेंब असलेले शुक्राणू फार दिसले, तर तो वळू लगेच शंकेच्या यादीत जातो.

माणसाच्या बाबतीत मात्र वाद पुन्हा उकरला गेला. १९८०च्या दशकात वाट तुंबलेल्या पुरुषांच्या अधिवृषणातून शुक्राणू काढून गर्भधारणा घडवण्याचे प्रयत्न सुरू झाले. तेव्हा उलटाच प्रकार दिसला: अडथळ्याजवळचे शुक्राणू मेलेले आणि वृषणाजवळचे चपळ. काही गर्भधारणा तर या वरच्या शुक्राणूंपासूनच झाल्या. यंग बरोबर होता की काय? घाईने तसे म्हणू नये. तुंबलेल्या नळीच्या खालच्या भागात जुना साठा सडत असतो. मुंबईच्या ए. एम. फडके यांनी १९६४ मध्येच नसबंदी झालेल्या आणि वाट तुंबलेल्या पुरुषांतल्या शुक्राणूंचे पुढे काय होते यावर लिहिले होते. अधिवृषणातल्या भक्षकपेशी त्यांना गिळून टाकतात. ताजे शुक्राणू वरच उरणार, हे उघड आहे.

१९९२ मध्ये ब्रसेल्सच्या गटाने एकच शुक्राणू सुईने थेट अंडपेशीत सोडून गर्भधारणा घडवल्याचे जाहीर केले. काही वर्षांत थेट वृषणातले शुक्राणूही चालू लागले. दवाखान्यापुरता प्रश्न मिटला, कारण पोहणे आणि आत शिरणे ही दोन्ही कामे सुईनेच केली.

प्रयोगशाळेत मात्र तो मिटलेला नव्हता. २०२० साली जपानमधल्या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवले की वृषण एनईएलएल२ नावाचे प्रथिन त्याच नळीतल्या द्रवात सोडते. ते वाहत खाली जाऊन अधिवृषणाच्या सुरुवातीच्या भागाला कामाला लावते. हे प्रथिन नसलेल्या नरांना शुक्राणू होतात, पण पिल्ले होत नाहीत. शुक्राणूंना पिकवण्यासाठी नळी तयार ठेवण्याचा निरोप धाडते तेही वृषणच, आणि तो जातो त्याच वाटेने.