टॉर्च कपाळाला लावा राव!

आमच्या एम.एस्सी. झूलॉजीच्या वर्गाची फील्ड ट्रिप गेली आंबोलीला, बेडकांचा सर्व्हे करायला, ऐन जुलैत. आंबोली म्हणजे सिंधुदुर्गात, सावंतवाडी तालुक्यात, घाटमाथ्यावर साधारण 700 मीटर उंचीवर, आणि वर्षाला सरासरी 7000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, म्हणजे कपडे वाळणं हा विषयच संपला. लॉजवर पोचून बॅगा टाकल्या आणि बाथरूममधून किंकाळी आली. भिंतीवर चिकटून झाडबेडूक बसलेला! ही जात विहिरीत, बाथरूममध्ये, पाण्याच्या टाकीत सर्रास सापडते, इंग्रजीत तर तिला चुनाम फ्रॉगच म्हणतात, आपल्या चुन्यावरून, कारण चुन्याच्या भिंतीवर बसली की रंग असा फिकट करते की दिसतच नाही. आम्ही लगेच वहीत लिहायला घेतलं, सर म्हणाले थांबा जरा.

रात्री आठला बाहेर पडलो. पहिल्या तासाभरात मोजून दोन-चार बेडूक, आणि आजूबाजूला आवाज एवढा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागत होतं. मग सरांनी सगळ्यांचे टॉर्च बघितले आणि हसले. आम्ही सगळे टॉर्च कमरेजवळ धरून चाललो होतो! बेडकाच्या डोळ्यातून प्रकाश परत फिरतो तो जवळपास सरळ उगमाकडेच, त्यामुळे टॉर्च आपल्या डोळ्यांच्या रेषेत नसेल तर ती चमक आपल्यापर्यंत येतच नाही. हेडलॅम्प लावला, किंवा टॉर्च कानाजवळ धरला, की मग गवतात ठिपके पेटायला लागतात. अर्थात त्यातले निम्मे कोळी निघतात, कोळ्यांचे डोळे पण झकास चमकतात, बारीक हिरवट, हिऱ्यासारखे. दुसऱ्या तासाला फरक ओळखू यायला लागला.

तरी झुडपी बेडूक काही दिसेना. अंगठ्याच्या पेराएवढा जीव, पानाच्या मागे बसून टिक-टिक करतो आणि जवळ गेलं की गप्प. त्याला शोधायचं तर दोघांनी लांब लांब उभं राहायचं, दोघांनी आवाजाच्या दिशेला बोट करायचं आणि दोन रेषा जिथे मिळतील तिथे बघायचं, मग दिवा बंद करून तो परत ओरडेपर्यंत शांत उभं राहायचं (हे शांत राहणं आमच्या वर्गाला सगळ्यात जड गेलं). ओरडतो तो नर, मादीला बोलावायला, आणि प्रत्येक जातीची हाक वेगळी, म्हणून जाणकार माणूस बेडूक न बघताही नाव सांगतो. या झुडपी बेडकांची गंमत म्हणजे पिल्लं पाण्यात वाढतच नाहीत, अंड्यातून थेट इवलासा बेडूक बाहेर येतो! मलबारी उडत्या बेडकाचं वेगळंच, मादी पाण्यावर लोंबणाऱ्या पानांत स्वतःच्या स्रावाला पायांनी घुसळून फेस करते, त्यात अंडी, आणि काही दिवसांनी टॅडपोल, म्हणजे शेपटीवाली पिल्लं, टपाटपा खाली पाण्यात.

दुसऱ्या दिवशी सडा. जांभ्याचा उघडा कातळ, त्यावर बोटभर खोल डबकी, आणि त्यातच आंबोली टोड अंडी घालतो. अंगावर वाघासारखे पट्टे, म्हणून शास्त्रीय नावात टायगेरिना, झँथोफ्राइन टायगेरिना. 2009 साली या जातीला नाव मिळालं, जगात फक्त आंबोली परिसरातूनच माहीत आहे आणि आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत अतिसंकटग्रस्त. डबकं आटलं तर पिल्लं संपली, वर पर्यटकांच्या गाड्या आणि रात्रीचा रस्ता.

दगड उचलायचाही नियम आहे. पलीकडची कड धरून आपल्याकडे उचलायचा, म्हणजे खाली फुरसं असलं तर मध्ये दगड राहतो, आणि बघून झालं की होता तसाच ठेवायचा, कारण खालची ओल हेच कोणाचं तरी घर असतं. अशाच एका दगडाखाली मला वाटलं जाडजूड गांडूळ आहे. ते निघालं देवगांडूळ! म्हणजे बिनपायाचा उभयचर, बेडकाचा लांबचा भाऊबंद, त्याला कणा असतो, जबडा असतो, दात असतात. आंबोलीतूनच 2003 मध्ये याची एक जात नव्याने नोंदवली गेली, निसर्गअभ्यासक जे. सी. डॅनियल यांच्या नावाने, गेजेनिओफिस डॅनिएली. सगळा जन्म जमिनीखाली जातो, त्यामुळे इतकी वर्षं कोणाला दिसणार तरी कसं.

हात कोणीच लावायचा नाही हे आधीच ठरलेलं. बेडूक कातडीतून श्वास घेतो, पाणी पण तिथूनच ओढतो, आणि आमच्या हाताला तर डासांचं क्रीम! सापांचं तर बोलायलाच नको. ओढ्याकाठी मलबारी चापडा फांदीवर बसलेला, डोळा आणि नाकपुडीच्या मधल्या खड्ड्याने उंदराच्या अंगाची ऊब ओळखणारा. हा शिकारीमागे पळत नाही, एकाच जागी दबा धरून बसतो, आम्हाला सलग दोन रात्री त्याच फांदीवर दिसला. आणि आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठीच बनतं, चापड्यासाठी नाही, म्हणून फोटो काढायचा तो पण लांबून.

शेवटच्या रात्री सर्व्हेचा तक्ता भरला. किती माणसं, किती वेळ, किती अंतर, काय सापडलं. एका पट्ट्यात काहीच नव्हतं तर सरांनी तिथे शून्य लिहायला लावलं, रिकामा कप्पा चालणार नाही म्हणाले, रिकामं म्हणजे बघितलंच नाही. मग आम्ही बाथरूमच्या बेडकाचा विषय काढला. तो अजून तिथेच होता, गिझरच्या वर. सर म्हणाले, सर्व्हेच्या पट्ट्यात येत नाही, नोंद धरणार नाही. वर्गात मतदान घेतलं तरी ऐकले नाहीत.