पारखणं वेगळं, बोली लावणं वेगळं

एसीसीए या आंतरराष्ट्रीय अकाउंटन्सी परीक्षेच्या 'स्ट्रॅटेजिक बिझनेस लीडर' पेपरात १०० पैकी २० गुण व्यावसायिक कौशल्यांचे असतात. संवाद, व्यवसायाची जाण, सांगितलेलं तपासून घेण्याची वृत्ती, विश्लेषण आणि मूल्यमापन अशी ही पाच कौशल्यं. पास व्हायला ५० गुण लागतात, त्यामुळे हे २० सोडून चालत नाही. पहिल्या तिघांत सहसा गोंधळ होत नाही. विश्लेषण आणि मूल्यमापन मात्र आपली मुलं एकच धरतात. रात्र-रात्र अभ्यास केलेल्या मुलांचेही गुण इथंच जातात, याची मला मनापासून हळहळ वाटते.

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचा सौदा बघा. व्यापारी रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, कोपरा फोडतो, खडा बोटांत चुरडतो, जिभेवर ठेवतो. रंग कसा, कण कसा, खारटपणा आहे का, हे तो पाहतो. हे झालं विश्लेषण. मग तो बोली लावतो, किंवा पुढच्या ढिगाकडे जातो. हे मूल्यमापन. खडा न चाखता बोली लावणारा बुडतो, आणि नुसता चाखत बसणाऱ्याच्या हाती माल लागत नाही.

आता पेपरात येईल तसा प्रसंग घेऊ. समजा, एका गूळ कंपनीची विक्री १० कोटींवरून १२ कोटींवर गेली आणि नफा १ कोटीवरून ८० लाखांवर आला. 'विक्री वाढली, नफा घटला' एवढंच लिहिलंत, तर तुम्ही आकडे वाचून दाखवलेत, बस्स. विक्री २० टक्के वाढली, नफा २० टक्के घटला. वाढलेली सगळी विक्री ३० किलोच्या रव्यांची, तीही खर्च भरून न निघणाऱ्या भावात. एक किलोच्या पाकिटांत चांगलं सुटतं, पण ती विक्री जागची हललेली नाही. असं कारणापर्यंत गेलात की विश्लेषण झालं.

पुढचा प्रश्न: निर्यातीसाठी रसायनविरहित गूळ पावडरीचा २ कोटींचा प्रकल्प घ्यावा का? इथं मुलं चार फायदे, चार तोटे लिहितात आणि थांबतात. ती यादी झाली. मूल्यमापनात कुठला मुद्दा जड, हे सांगावं लागतं. माझ्या मते इथं सगळ्यात जड मुद्दा हा, की परदेशी गिऱ्हाइकाचा अजून तोंडी शब्दच आहे. दुसरा हंगामाचा: गुऱ्हाळं दिवाळीच्या सुमाराला पेटतात, उन्हाळ्यात थंडावतात, मग उरलेले महिने यंत्र बसून राहणार आणि हप्ते मात्र चालूच. रसायनविरहित गुळाचा रंग काळपट येतो आणि सौद्यात पिवळ्याला भाव जास्त, हा मुद्दा खरा आहे. पण माल यार्डात न जाता थेट निर्यात होणार असेल, तर इथं त्याचं वजन कमी. एवढं तोलून निर्णय द्यायचा: आत्ता २ कोटी घालू नका, या हंगामात पाकिटांची विक्री वाढवा, लेखी करार हातात आला की प्रस्ताव पुन्हा संचालक मंडळापुढे आणा.

कुठल्या प्रश्नाला कुठलं कौशल्य तपासणार, हे प्रश्नपत्रिकेतच छापलेलं असतं. उत्तराला हात घालण्याआधी ती ओळ वाचा. मूल्यमापन विचारलं असेल आणि तुमच्या उत्तरात 'म्हणून हे करा' किंवा 'हे करू नका' कुठंच नसेल, तर ते उत्तर अजून अर्धंच आहे.