सेन्सिटिव्हिटी पूर्ण वाढवली की नाणं खोलवरून सापडतं?

मेटल डिटेक्टरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे क्षीण संकेत पकडण्याची क्षमता, शेवटपर्यंत नेली की जंगलात खोल गेलेली जुनी नाणी सापडतात, हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. लोहखनिज जास्त असलेल्या जमिनीत नेमकं उलट घडतं.

कॉइलकडे, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या चकतीकडे, परतणाऱ्या संकेतात खोलवरच्या नाण्याचा वाटा अगदी थोडा असतो, मातीचा कितीतरी मोठा. सेन्सिटिव्हिटी वाढवली की दोन्ही वाढतात. यंत्र सतत किरकिरतं आणि १५-२० सेंमीवरच्या नाण्याचा क्षीण आवाज त्या गोंगाटात बुडतो.

म्हणून आधी ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा संकेत वगळला जाईल असं यंत्र जुळवणं. धातू नसलेली जागा शोधा आणि आवाज स्थिर होईपर्यंत कॉइल जमिनीपासून साधारण ३ ते १५ सेंमी वर-खाली करा. मगच सेन्सिटिव्हिटी चढवा; किरकिर सुरू झाली की एक-दोन पायऱ्या मागे या. माती बदलली की हे पुन्हा करायचं, आणि इथेच बहुतेक जण चुकतात.

मुळांच्या जाळ्यात ११ इंची कॉइल अडखळते, उचलावी लागते. जितकी उचलली तितकी खोली गेली. तिथे ५-६ इंची कॉइल घ्या. स्वच्छ जमिनीत तिची पोच कमी, पण खिळ्यांशेजारचं नाणं ती वेगळं दाखवते. पालापाचोळ्याचा जाड थरही आधी बाजूला सारा.

आवाज आला की ९० अंशांनी वळून पुन्हा तपासा. सपाट पडलेलं नाणं दोन्हीकडून सारखं वाजतं, गंजका खिळा बहुधा एका बाजूने तुटक वाजतो. उभं रुतलेलं नाणं मात्र फसवतं. शंका असेल तर खणाच.