सर्वर कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवतो?

एका महाविद्यालयाच्या विभागात फाइल सर्वर लावून देण्याचे काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले होते. पंधरा-वीस संगणकांवर विखुरलेल्या टिपणे, प्रश्नसंच आणि गुणपत्रकांच्या फाइली एकाच यंत्रावर ठेवाव्यात आणि ज्याने त्याने आपल्या जागेवरून त्या उघडाव्यात, एवढीच अपेक्षा होती. सर्वर उभा राहिला, विभागाच्या साऱ्या नेटवर्कला तो मी खुला केला, आणि प्रत्येक फोल्डरवर मालकी व परवानग्या नीट लावल्या. आठवड्याभराने एका विद्यार्थ्याने येऊन प्रामाणिकपणे सांगितले की, त्याच्या लॅपटॉपवरून विभागप्रमुखांच्या फोल्डरमधील फाइली त्याला उघडता येतात आणि बदलताही येतात. त्याने कोणाचा पासवर्ड चोरला नव्हता, की कोणते खास सॉफ्टवेअर वापरले नव्हते. दोघांच्याही यंत्रांवर लिनक्स ही संचालन प्रणाली होती, आणि लिनक्सच्या आजच्या बहुतेक प्रकारांत यंत्रावर पहिले खाते उघडणाऱ्याला १००० हा क्रमांक मिळतो. सर्वरने नाव पाहिलेच नव्हते. मागणी करणारा १००० क्रमांकाचा आहे आणि फाइलही १००० क्रमांकाच्या मालकीची आहे, एवढे पाहून त्याने दार उघडले होते.

हे असे का घडते, ते समजण्यासाठी हा सर्वर ज्या पद्धतीने फाइली देत होता ती नेटवर्क फाइल सिस्टिम, म्हणजे एनएफएस, कोणत्या काळात जन्मली ते पाहावे लागते. अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने ती १९८४ मध्ये घडवली. डिस्क तेव्हा महाग होत्या. सनच्या कित्येक वर्कस्टेशनांत तर डिस्कच नसे. ती सारे काही सर्वरवरून वाचून चालत. दूरच्या यंत्रावरील फाइल आपल्याच डिस्कवर असल्यासारखी वापरता यावी, ही त्यामुळे रोजची गरज होती. घडवणाऱ्यांनी तेव्हा एक फार सुंदर निर्णय घेतला, तो असा की कोणत्या क्लायंटने कोणती फाइल उघडून ठेवली आहे याची नोंद सर्वरने ठेवायचीच नाही. क्लायंट म्हणजे सर्वरकडे फाइल मागणारा संगणक. त्याने प्रत्येक मागणीत लागणारी सारी माहिती स्वतःच द्यायची: कोणती फाइल हवी, कितव्या बाइटपासून हवी, किती हवी आणि मागणारा कोण आहे. सर्वर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू झाला, तरी क्लायंट तीच मागणी पुन्हा पाठवत राहतो आणि काम थांबले होते तेथून पुढे चालू लागते. पुढे २००० साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत सर्वर काही नोंदी ठेवू लागला. पण १९९५ ची तिसरी आवृत्ती आजही अनेक ठिकाणी चालू आहे, आणि तिच्या टिकाऊपणाचे मोठे श्रेय या साधेपणाला जाते.

मात्र त्या माहितीतला शेवटचा भाग पुन्हा वाचावा: मागणारा कोण आहे, हेही क्लायंटच सांगतो. नेहमीच्या मांडणीत तो वापरकर्त्याचा क्रमांक आणि त्याच्या गटांचे क्रमांक पाठवतो, आणि सर्वर ते जसेच्या तसे खरे मानतो. एखाद्या गृहसंकुलाचा रखवालदार आलेल्या माणसाचे ओळखपत्र न पाहता, शेजारच्या संकुलाच्या रखवालदाराने हाक मारून सांगितले की लगेच फाटक उघडतो, तसे हे आहे. दोन्ही रखवालदार एकाच संस्थेच्या नोकरीत असतील तर यात वावगे काही नाही, आणि १९८४ मध्ये वस्तुस्थिती तशीच होती. यंत्रे मोजकी होती, ती संस्थेच्या खोल्यांत असत आणि सगळ्यांवर एकाच व्यवस्थापकाचा ताबा असे. त्या काळाची एक खूण आजही टिकून आहे. लिनक्सवरील एनएफएस सर्वर नेहमीच्या मांडणीत क्लायंटची मागणी १०२४ पेक्षा कमी क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे यंत्राच्या नेटवर्कवरील क्रमांकित दारातून, आली असेल तरच स्वीकारतो, कारण युनिक्समध्ये, म्हणजे लिनक्स ज्या घराण्यातली आहे त्या प्रणालीत, असे पोर्ट फक्त रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, उघडू शकतो. रूट म्हणजे जबाबदार माणूस, हे त्यामागचे गृहीतक. आज लॅपटॉप विकत घेणारा प्रत्येक जण आपल्या यंत्राचा रूट असतो, त्यामुळे त्या अटीत आता फारसा अर्थ उरलेला नाही.

रूटचा विषय निघालाच आहे, तर एका गैरसमजाबद्दल सविस्तर लिहायला हवे. घरी किंवा छोट्या कार्यालयात साठवणीची तयार पेटी, ज्याला नॅस म्हणतात, घेतली तर तिच्या एनएफएसच्या पानावर बहुधा 'स्क्वॉश' असा एक पर्याय दिसतो. स्क्वॉश म्हणजे चेपणे. क्लायंटकडून रूटच्या, म्हणजे शून्य क्रमांकाच्या नावाने मागणी आली, तर सर्वर तो शून्य पुसून त्या जागी एक हक्कहीन क्रमांक घालतो. लिनक्सवर हा क्रमांक सहसा ६५५३४ असतो आणि त्या खात्याचे नावच 'नोबडी' आहे. लिनक्स सर्वरवर ही सोय मुळात चालूच असते आणि ती बंद करण्याचे सबळ कारण क्वचितच सापडते. पण ती चालू आहे म्हणून इतरांच्या फाइली सुरक्षित आहेत असे मानणे चूक आहे. लॅपटॉपचा मालक आपल्या यंत्रावर एका आदेशाने १००० क्रमांकाचा होऊ शकतो, १००१ चाही होऊ शकतो, आणि त्या रूपाने मागणी पाठवू शकतो. सर्वरला ती मागणी एका सामान्य वापरकर्त्याची दिसते, त्यामुळे चेपण्याचा प्रश्नच येत नाही. स्क्वॉश सर्वरवरील रूटच्या फाइलींचे रक्षण करतो. विभागप्रमुखांच्या गुणपत्रकाचे करत नाही.

मग व्यवस्थापकाच्या हातात उरते काय? उरते ती क्लायंटची यादी. लिनक्स सर्वरवर ती 'एक्स्पोर्ट्स' नावाच्या एका साध्या मजकुराच्या फाइलीत असते. दर ओळीवर आधी फोल्डरचा मार्ग लिहायचा, मग जागा सोडून क्लायंटचा पत्ता लिहायचा, आणि पत्त्याला चिकटून कंसात त्याला दिलेल्या सवलती लिहायच्या. पर्यायांच्या संक्षेपांऐवजी मराठी शब्द घातले, तर ओळ अशी दिसेल:

/साठा/गुण १९२.१६८.१०.२५(वाचन-लेखन)

आता हीच ओळ पुन्हा पाहा:

/साठा/गुण १९२.१६८.१०.२५ (वाचन-लेखन)

दोन्हींत फरक आहे तो कंसाआधी सुटलेल्या एका रिकाम्या जागेचा. पहिल्या ओळीचा अर्थ असा की, २५ वर संपणाऱ्या पत्त्याच्या यंत्राने फोल्डर वाचावे आणि त्यात लिहावे. दुसरीत मात्र सर्वरला दोन वेगळ्या नोंदी दिसतात. त्या यंत्राला काहीच सवलत लिहिलेली नाही, म्हणून त्याला मूळ नियमाने फक्त वाचन मिळते. आणि सुट्या पडलेल्या कंसाला कोणताच पत्ता नाही, म्हणून वाचन-लेखनाची सवलत सर्वरपर्यंत पोहोचू शकणाऱ्या प्रत्येक यंत्राला लागू होते. ज्याला अधिकार द्यायचा होता तोच अडतो आणि बाकी सगळे मोकळे सुटतात. यात वाईट भाग असा की, तक्रार घेऊन येणारा माणूस 'मला लिहिता येत नाही' असे म्हणत येतो, आणि घाईत असलेला व्यवस्थापक परवानग्या आणखी सैल करत सुटतो. सर्वर अशा ओळीवर एक इशारा छापतो, पण तो वाचायला हवा. ही फाइल बदलली की मी प्रत्येक कंसाच्या डाव्या बाजूला बोट ठेवून पाहतो. त्याला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही.

यादी कितीही काटेकोर असली तरी काय खुले करायचे, हा प्रश्न वेगळा उरतोच. पुष्कळदा एका मोठ्या डिस्कविभागातील एकच उपफोल्डर खुले केले जाते आणि बाकीचे झाकलेले आहे असे समजले जाते. परंतु एनएफएस फाइलींची देवघेव नावाने करत नाही. सर्वर प्रत्येक फाइलीसाठी क्लायंटला एक खूणचिठ्ठी देतो आणि पुढच्या साऱ्या मागण्या त्या चिठ्ठीवर होतात. दुसऱ्या आवृत्तीत ही चिठ्ठी नेमकी ३२ बाइटची होती, तिसरीत ती ६४ बाइटपर्यंत वाढली. त्याच डिस्कविभागातील दुसऱ्या फाइलीची चिठ्ठी एखाद्या जाणकाराने अंदाजाने बनवली, तर ती खुल्या फोल्डरच्या बाहेरची आहे हे सर्वरच्या लक्षात येईलच असे नाही. ही तपासणी करणारा एक पर्याय आहे खरा, पण उघडी फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली की त्याने गोंधळ होतो, म्हणून तो आता मुळात बंद असतो. त्यापेक्षा खुला करायचा भाग आरंभीच स्वतंत्र डिस्कविभागावर ठेवावा, म्हणजे चिठ्ठी कितीही हुशारीने बनवली तरी तिला पलीकडे जायला वाटच राहत नाही.

गटांबाबत एक अडचण मला पुन्हा पुन्हा भेटली आहे. क्लायंट मागणीसोबत वापरकर्त्याच्या गटांचे जे क्रमांक पाठवतो, त्यांना या पद्धतीत १६ ची मर्यादा आहे. एखादी कर्मचारी वीस गटांत असेल तर उरलेले गट मुकाट्याने गळून पडतात. कोठेही चूक दाखवली जात नाही, आणि तिच्या सहकाऱ्याला उघडणारे फोल्डर तिला मात्र उघडत नाही. उपाय साधा आहे: गट कोणते हे क्लायंटला न विचारता सर्वरने स्वतःच्या नोंदीतून पाहावे, असा पर्याय सर्वरवर चालू करता येतो.

माणसाची ओळख खरोखर पटवायची असेल तर ती क्लायंटच्या सांगण्यावर सोडून भागत नाही. त्यासाठी कर्बरॉस आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८३ मध्ये अथीना नावाचा प्रकल्प सुरू झाला आणि त्यातून ही पद्धत निघाली. वापरकर्ता आपल्या पासवर्डच्या आधारे एका तिसऱ्या, विश्वासातल्या सर्वरकडून तिकीट घेतो. पासवर्ड स्वतः नेटवर्कवरून जात नाही. ते तिकीट पाहून फाइल सर्वर माणूस ओळखतो. लॅपटॉपच्या मालकाने स्वतःला १००० म्हणवून घेतले तरी विभागप्रमुखांचे तिकीट त्याच्याकडे नसते. एनएफएसमध्ये याच्या तीन पायऱ्या आहेत: पहिलीत फक्त ओळख पटवली जाते, दुसरीत वाटेत मजकूर कोणी बदललेला नाही याची खात्री केली जाते, आणि तिसरीत सारी देवघेव कूटबद्ध होते. तिसरी नसेल तर फाइलीतील मजकूर नेटवर्कवरून उघडाच वाहतो. कूटबद्धतेचा भार प्रोसेसरवर पडतो, त्यामुळे मोठ्या व्हिडिओ फाइलींसाठी ती जड वाटू शकते. गुणपत्रकांसाठी मला ती कधीच जड वाटलेली नाही. २०२२ मध्ये एनएफएसच्या वाहतुकीला संकेतस्थळांच्या सुरक्षित जोडणीसारखे, टीएलएसचे कवच देण्याचे मानकही प्रसिद्ध झाले. त्याने मजकूर झाकला जातो आणि प्रमाणपत्रावरून यंत्राची ओळखही पटवता येते. मात्र त्या यंत्रासमोर कोण बसले आहे, हे त्यानंतरही यंत्रच सांगते.

कर्बरॉसची एक खोड सांगायला हवी, कारण तिने माझी एक अख्खी सकाळ घेतली आहे. तिकिटावर वेळ असते, आणि दोन यंत्रांच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा अधिक फरक पडला तर नेहमीच्या मांडणीत ओळख नाकारली जाते. प्रयोगशाळेतील एकाच संगणकावर कोणालाही फोल्डर उघडत नव्हते. पासवर्ड बदलून पाहिले, तार बदलून पाहिली, परवानग्या तीन वेळा तपासल्या. शेवटी पडद्याच्या कोपऱ्यात नजर गेली, तर तारीखच काही वर्षांपूर्वीची होती. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला होता, आणि वेळ जुळवून घेणारी सेवा त्या यंत्रावर चालूच नव्हती. सेल बदलला, ती सेवा चालू केली, आणि दार उघडले.

विभागातील त्या प्रसंगानंतर मी मांडणी दोन भागांत तोडली. गुणांचे फोल्डर वेगळ्या डिस्कविभागावर नेले आणि कर्बरॉसच्या तिसऱ्या पायरीसह फक्त कार्यालयातील चार संगणकांना दिले, ज्यांचे पत्ते ठरलेले होते आणि ज्यांचे रूट खाते विभागाच्याच ताब्यात होते. टिपणांचे फोल्डर सर्व लॅपटॉपना दिले, पण केवळ वाचनासाठी, आणि फक्त रूटलाच नव्हे तर येणाऱ्या प्रत्येकाला 'नोबडी' करून. तेथे कोण १००० आहे याने काही बिघडत नव्हते. फाइल जतन केल्यावर यादी पुन्हा वाचण्याचा आदेश सर्वरला मुद्दाम दिला, कारण तो दिला नाही तर कागदावर नवी यादी असते आणि सर्वर जुन्याच यादीने वागत राहतो. मग लागू झालेली यादी पडद्यावर छापून घेतली आणि ओळ न् ओळ वाचली. त्यानंतर त्याच विद्यार्थ्याला बोलावून, त्याच लॅपटॉपवरून पुन्हा प्रयत्न करायला सांगितले. गुणांचे फोल्डर जोडून घेताना सर्वरने प्रवेश नाकारला. टिपणांचे फोल्डर उघडले. त्यात एक रिकामी फाइल बनवायला त्याला सांगितले, तर येथे फक्त वाचता येईल असे उत्तर आले. मग त्याने स्वतःहून रूट होऊन तोच प्रयत्न केला, आणि तेच उत्तर पुन्हा आले.