आधी फुंकर, मग वळण, पोहणं सगळ्यात शेवटी

गावाकडे पोहायला शिकवायची जुनी रीत होती: पाठीला रिकामा पत्र्याचा डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधायचा आणि पोराला विहिरीत सोडायचं. धडधाकट पोर काही दिवसांत हातपाय मारायला लागतं आणि डबा सुटतो. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचाल आणि तोल बिघडणं) असलेल्या मुलाच्या बाबतीत हा डबाच आड येतो. आज त्याची जागा दंडावरच्या हवेच्या पट्ट्यांनी आणि ट्यूबने घेतली आहे, एवढाच फरक.

कारण साधं आहे. या मुलाला पाण्यात बुडण्याआधी गिरक्या छळतात. शरीराची एक बाजू कमजोर आणि ताठर असेल, तर दोन्ही बाजूंचा आकार आणि घनता सारखी राहत नाही. पाठीवर तरंगताना ते मूल बहुधा कमजोर बाजूकडे कलंडतं आणि तोंड पाण्यात जातं. दंडपट्टी ही गिरकी दाबून टाकते, त्यामुळे ती आवरायला मूल शिकतच नाही. पट्टी निसटली की पंचाईत.

जेम्स मॅकमिलन या अभियंत्याने लंडनच्या साउथगेट भागातल्या हॅलिविक मुलींच्या शाळेत 1949 पासून अपंग मुलींना पोहायला शिकवायला सुरुवात केली आणि नेमकी हीच गोष्ट धरली. त्यातून तयार झालेली हॅलिविक पद्धत दहा टप्प्यांची आहे. तरंगणारी साधनं वापरायची नाहीत, एका मुलामागे एक मदतनीस, आणि हात मारत पुढे जाणं अगदी शेवटच्या टप्प्यांत. मधले टप्पे बरेचसे वळण्याचे आणि वळण थांबवण्याचे.

पण त्याहीआधी श्वास. पाणी तोंडाजवळ आलं की दचकून श्वास आत ओढला जातो, तिथेच ठसका लागतो. म्हणून 'पाणी आलं की फुंकर' ही सवय अंगात मुरवायची. पिंगपाँगचा चेंडू फुंकून ढकलणं, हनुवटी पाण्याला टेकवून 'हूऽऽ' म्हणणं, मग ओठ बुडवून बुडबुडे. 'श्वास रोखून धर' असं सांगू नये. रोखल्याने छाती आणि मान आवळते, आणि जे सैल करायला पाण्यात आणलं तेच आणखी ताठ होतं. फुंकर पक्की झाल्याशिवाय मुलाला आडवं करायची घाई करू नका.

आडवं करताना सुरुवातीला त्याचं डोकं मदतनिसाच्या खांद्यावर असावं. कानात पाणी शिरलं की बरीच मुलं दचकतात आणि पाठीची कमान करतात, म्हणून दोन्ही कान हळूहळू ओले होऊ द्यायचे. आधाराचे हात पाठीखाली सपाट, आणि ते जितके कमी लागतील तितकं चांगलं. घट्ट पकडलेल्या मुलाला पाणी काय करतंय ते कळतच नाही. पाठीवरून उभं राहण्याची कृती अशी: डोकं पुढे, हात पुढे, गुडघे पोटाकडे, आणि सोबत फुंकर, कारण पुढचा झोक जास्त झाला तर तोंड पुढे पाण्यात पडतं. उजवीकडे कलंडणाऱ्या मुलाला डोकं डावीकडे वळवायला शिकवतात. पाण्यात डोकं म्हणजे सुकाणू.

वजनाचा हिशेब पाहिला की पालकांना पाण्याचा फायदा चटकन पटतो. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहिल्यावर पायांवर साधारण निम्मं वजन येतं, छातीच्या खालच्या टोकापर्यंत पाणी असेल तर सुमारे एक तृतीयांश, मानेपर्यंत असेल तर दहावा हिस्सा. ही मोजमापं मोठ्या माणसांची, तरी अंदाजाला चालतात: जमिनीवर उभं न राहू शकणारं 20 किलोचं मूल छातीभर पाण्यात जेमतेम 7 किलो पेलतं. शिवाय वेग दुप्पट केला तर पाण्याचा विरोध चौपट होतो, म्हणून तोल जातानासुद्धा मूल सावकाश जातं आणि त्याला सावरायला वेळ मिळतो.

पाण्याचा दाब दुधारी आहे. अर्धा मीटर खोलीवर तो पाऱ्याच्या सुमारे 37 मिलिमीटरइतका भरतो. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांपैकी काहींना सगळ्या अंगावरचा हा सारखा दाब शांत करतो. पण मस्क्युलर डिस्ट्रॉफीत, म्हणजे स्नायू हळूहळू दुबळे होत जाण्याच्या आजारात, श्वासाचे स्नायू थकलेले असतील, तर छातीवर तोच दाब जड जातो. अशा मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय छातीपेक्षा खोल पाण्यात नेऊ नये.

आपल्याकडे घोळ होतो तो तापमानाचा. अशा मुलांच्या उपचारासाठी पाणी 33 ते 35 अंश सेल्सिअस हवं. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे 27 अंशांचा साधा तलाव पोहणाऱ्याला सुखाचा वाटला, तरी फारशी हालचाल न करणारं बारीक मूल त्यात लवकर गारठतं आणि स्नायू आणखी आवळतात. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी न तापवलेल्या तलावात असं मूल उतरवणं म्हणजे उपचाराच्या उलटं काम. मुठी आवळल्या, ओठ निळसर दिसले की घड्याळ न बघता बाहेर काढा. कोमट पाण्यातही सत्र अर्ध्या तासाचं पुरे.

ताप, उघडी जखम किंवा जुलाब असेल तर पाण्यात उतरणं बंद. जुलाब थांबल्यावरही 48 तास जाऊ द्या. क्रिप्टोस्पोरिडियम या जुलाब घडवणाऱ्या जंतूचं निदान झालं असेल तर दोन आठवडे, कारण तो जंतू क्लोरिनला लवकर दाद देत नाही. डाऊन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, त्यामुळे सूर मारणं आणि मान जोरात वाकवणं टाळायचं. पाण्यात फिट आली तर मागून डोकं धरून तोंड पाण्याबाहेर ठेवा, उथळ भागाकडे सरका, झटके थांबल्यावर बाहेर काढा. मूल नंतर ठीक दिसलं तरी डॉक्टरांना दाखवाच. पाणी फुप्फुसात गेलेलं असू शकतं.

पाण्यातल्या या उपचारावरचे अभ्यास बहुतेक लहान गटांवरचे आहेत. हालचालीत सुधारणा दिसते, पण जमिनीवरचे व्यायाम सोडून द्यावेत इतका भक्कम आधार नाही. स्वमग्न मुलांना तर पाण्याची ओढच धोक्याची असते. तलाव आवडायला लागलेलं मूल एकटं तिकडे जाऊ शकतं, तेव्हा घराजवळची विहीर किंवा हौद झाकलेला असावा.

बाहेर येताना मुलाचं सगळं वजन एकदम परत येतं, पाय लटपटतात. काठावर मिनिटभर बसवून, टॉवेलात गुंडाळून मगच उभं करा. आणि त्या दिवसाची नोंद करा. 'छान झालं' लिहून पुढच्या वेळी काही कळत नाही. 'पाठीवर आधाराशिवाय 4 सेकंद, मग उजवीकडे कलंडला, डोकं वळवायला एकदा सांगावं लागलं' असं लिहिलं, की पुढच्या आठवड्यात हात कुठे ठेवायचा ते ठरतं.