ताजमध्ये समुद्र बघत बसायचंय: हार्बर बार की सी लाउंज?

"ताजला जाऊ, समुद्र बघत काहीतरी घेऊ," असं मित्रमंडळींत ठरतं आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. कुलाब्याच्या ताजमहाल पॅलेसमध्ये गेटवेकडे तोंड करून बसलेल्या दोन जागा आहेत. तळमजल्यावर हार्बर बार, पहिल्या मजल्यावर सी लाउंज. दोन्ही नावांत पाणी आहे, त्यामुळे एकीचं कौतुक ऐकून लोक दुसरीत जाऊन बसतात.

हार्बर बार हा अस्सल बार आहे. १९३३ साली तो सुरू झाला आणि मुंबईतल्या बारचा पहिला परवाना आपलाच, असं हॉटेल अभिमानाने सांगतं. त्याच वर्षी ५ डिसेंबरला अमेरिकेतली दारूबंदी उठली. ती बातमी साजरी करायला बंदरात आलेल्या एका अमेरिकन पाहुण्याने काहीतरी वेगळं मागितलं आणि त्यातून इथलं खास कॉकटेल तयार झालं, अशी कथा आहे. 'फ्रॉम द हार्बर सिन्स १९३३' हे त्याचं नाव. ते मागवलंत तर गप्पा थांबवा आणि बनवणाऱ्याच्या हाताकडे बघा. शार्ट्रूज नावाचं कडक मद्य पेटवतात आणि ती जळती धार ग्लासात ओततात. दिवसाउजेडी ती ज्योत नीट दिसतही नाही, म्हणून इथे यायचं ते अंधार पडल्यावरच. समुद्र मात्र इथे दुय्यम. तळमजला असल्याने मध्ये रस्ता येतो, गेटवेची गर्दी येते.

समुद्र हवा असेल तर वर चला. सी लाउंज हे मुळात चहाचं ठिकाण, तिची खरी वेळ दुपारी चारच्या आसपासची. खिडकीशी जागा मिळाली की खाली गेटवे, पलीकडे नांगरलेल्या होड्या आणि एलिफंटाकडे निघालेल्या लाँचेस. मी आत्याला घेऊन गेलो होतो. तिने भेळ आणि शेवपुरी मागवली (इथे ती मिळते, आणि संकोच न करता मागवावी), मग अर्धा तास ती फक्त एका लाँचकडे बघत होती. अलिबागला जायला भाऊच्या धक्क्यावरून बोट धरायची, ते तिचे दिवस तिला आठवत होते.

सी लाउंजची आणखी एक ओळख म्हणजे स्थळं बघण्याची. मुंबईतल्या कितीतरी पारशी-गुजराती घरांतली लग्नं याच टेबलांवर जुळली. आपल्याकडे कांदेपोह्यांचा कार्यक्रम घरी होतो, तो इथे चहा-सँडविचवर होतो. दोन कुटुंबांना पहिल्यांदा भेटायचं असेल तर आजही याहून बरी जागा मला सुचत नाही. उजेड भरपूर, आवाज कमी, आणि बोलणं अडलं तर बघायला समोर समुद्र आहेच.

सोबत कोण आहे तेही बघा. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे, बाकी दारूसाठी २५ ची. कॉलेजातली मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर सी लाउंज. जुने दोन मित्र असतील तर हार्बर बार, पण ड्राय डे नाही ना एवढं बघून निघा.

आणि आत जायला बिचकू नका, हे मला आपल्या मराठी माणसांना मनापासून सांगायचंय. १९०३ साली उघडलेल्या या वास्तूचा आराखडा करणाऱ्यांत रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य होते. समोरचा गेटवे बांधून झाला तो १९२४ मध्ये, म्हणजे या खिडक्यांतून आधीची वीस वर्षं नुसतं बंदरच दिसत होतं. पावसाळ्यातल्या एखाद्या दुपारी, काचेवर पाणी ओघळत असताना गेटवे पुसट होतो, तेव्हा सी लाउंजमधून अजूनही जवळपास तसंच दिसतं.