अद्भुतरम्य साहसी व्हिडिओ गेममधील क्लेशकारक आशय

अद्भुतरम्य साहसी व्हिडिओ गेम खेळताना ज्या दृश्यांमुळे, आवाजांमुळे, कथेतील घटनांमुळे किंवा स्वतः कराव्या लागणाऱ्या कृतींमुळे खेळाडूला मानसिक त्रास होऊ शकतो, त्या सर्वांना मिळून क्लेशकारक आशय म्हणतात. हा त्रास भीती, किळस, शोक किंवा अपराधीपणाच्या रूपाने होतो. कधी जुन्या आघाताची आठवण उसळून वर येते. रक्तपात आणि हिंसा हा या आशयाचा सर्वांत ठळकपणे दिसणारा भाग आहे, पण तो सर्वांत खोल भाग नव्हे. राक्षस, जादू, शापित राज्ये आणि बोलणारे प्राणी यांच्या जगात घडते ते ‘खोटे’ असते, म्हणून ते सौम्यही असते, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात उलटेही घडते. मूल गमावणे, घरातील मारहाण, स्वतःच्या मनावरचा ताबा सुटणे हे खरे अनुभव काल्पनिक वेषात येतात तेव्हा खेळाडू बेसावध असतो.

भारतीय रसशास्त्राची परिभाषा येथे उपयोगी पडते. भरताच्या नाट्यशास्त्रात अद्भुत, भयानक, बीभत्स आणि करुण हे चार वेगळे रस आहेत. त्यांचे स्थायी भाव, म्हणजे मुळाशी असणाऱ्या टिकाऊ भावना, अनुक्रमे विस्मय, भय, जुगुप्सा (किळस) आणि शोक. या गेमचा मुख्य रस अद्भुत असतो, पण इतर तिघांचे त्याच्याशी जवळचे नाते आहे. अंधाऱ्या गुहेत शिरताना वाटणारा विस्मय एका पावलावर भयात बदलतो. प्राचीन रसमीमांसक भट्टनायकाने मांडलेली साधारणीकरणाची कल्पना अशी, की प्रेक्षकाच्या मनात जागा होणारा भाव ‘माझा’ किंवा ‘त्याचा’ राहत नाही, म्हणून दुःखाचाही आस्वाद घेता येतो. गेममध्ये हे अंतर टिकवणे अवघड असते, कारण खेळाडू केवळ पाहत नाही, करतोही. पात्र कड्यावरून कोसळले तर ‘तो पडला’ असे कोणी म्हणत नाही, ‘मी पडलो’ असेच म्हटले जाते.

हातून घडवण्याचा हा गुण सर्वांत तीव्रपणे दिसतो तो ‘ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स’ (२०१३) या गेममध्ये. कंट्रोलरच्या डाव्या बाजूने थोरला भाऊ चालतो, उजव्या बाजूने धाकटा. आईला बुडताना पाहिल्यामुळे धाकट्याला पाण्याची धास्ती आहे, त्यामुळे पोहताना तो थोरल्याच्या पाठीला धरून असतो. पुढे थोरला मरतो आणि त्याचे कलेवर ओढत नेऊन पुरण्याचे काम खेळाडूलाच करावे लागते. कटसीन, म्हणजे खेळाडूने नुसते पाहायचे चित्रित दृश्य, लावून हा प्रसंग सहज उरकता आला असता, तसे केलेले नाही. त्यानंतर धाकटा एकटाच पाण्याच्या काठाशी येतो. तो काही केल्या आत उतरत नाही. खेळाडूने मेलेल्या भावाचे, आता निरुपयोगी झालेले बटण दाबले, की मगच तो पोहू लागतो. या प्रसंगात रक्ताचा थेंब नाही, तरी ज्याने भावंड गमावले आहे त्याला तो सोसणे जड जाऊ शकते. त्याचबरोबर गेम या माध्यमाने शोकाबद्दल जे मोलाचे सांगितले आहे, त्यात या प्रसंगाचे स्थान फार वरचे आहे. क्लेशकारक आणि कलाहीन हे समानार्थी शब्द नाहीत, हे येथे ठामपणे नोंदवले पाहिजे.

लोककथेच्या आधाराने आलेला जड आशय ‘द विचर ३ : वाइल्ड हंट’ (२०१५) मध्ये आढळतो. ‘ब्लडी बॅरन’ म्हणून ओळखला जाणारा सरदार आपली हरवलेली बायको आणि मुलगी शोधून द्यायला सांगतो. शोध पुढे सरकतो तसे कळते, की तो दारूच्या नशेत बायकोला मारत असे आणि तिचा गर्भपात झाला आहे. नाव न ठेवता पुरलेला तो गर्भ आता पिशाच्च होऊन उठला आहे. स्लाव लोकसमजुतींत अशा पिशाच्चाला जागा आहे. मूळ पोलिश आवृत्तीत त्याचे नाव ‘पोरोनिएत्स’ आहे. खेळाडू त्याला ठार करू शकतो. दुसरा मार्ग असा, की बापानेच त्या जीवाला हातांत उचलून घरापर्यंत न्यायचे, त्याला नाव द्यायचे आणि उंबऱ्याखाली पुरायचे. वाटेत तो जीव चवताळला तर त्याला शांत करण्याचे काम खेळाडूचे. पिशाच्च काल्पनिक आहे, गर्भपाताचे दुःख काल्पनिक नाही. अमेरिकेत या गेमला १७ वर्षांवरील वयोगटाचे मानांकन आहे आणि वेष्टनावर रक्तपात, तीव्र हिंसा, नग्नता, लैंगिक आशय, शिवराळ भाषा, मद्यपान अशा सूचना आहेत. गर्भपात किंवा पत्नीला होणारी मारहाण यांचा त्यांत उल्लेख नाही, कारण तशी सूचनाच त्या यादीत अस्तित्वात नाही.

मानांकन पद्धती

वेष्टनावरील मानांकन पद्धती जन्माला आल्या त्या मुख्यतः पालकांसाठी. डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये गेममधील हिंसेवर सुनावण्या झाल्या आणि १९९४ मध्ये उद्योगाने स्वतःच ईएसआरबी हे मंडळ स्थापन केले. जर्मनीतील यूएसके त्याच वर्षीचे. जपानचे सेरो २००२ मध्ये आणि युरोपातील बहुतेक देशांत चालणारी पेगी पद्धत २००३ मध्ये सुरू झाली. पेगीचे वयोगट ३, ७, १२, १६ आणि १८ असे आहेत. ऑस्ट्रेलियात गेमसाठी १८ वर्षांवरील गटच नव्हता, तो जानेवारी २०१३ मध्ये आला. तोपर्यंत १५ वर्षांच्या गटात न बसणाऱ्या गेमला मानांकन नाकारले जाई. डिजिटल दुकानांसाठी आयएआरसी ही सामाईक व्यवस्था आहे. निर्माता एक प्रश्नावली भरतो आणि त्यावरून निरनिराळ्या प्रदेशांची मानांकने एकदम ठरतात.

ईएसआरबीच्या यादीत ‘काल्पनिक हिंसा’ अशी स्वतंत्र सूचना आहे. वास्तव जीवनापासून सहज वेगळी ओळखता येईल अशी हिंसा, असा तिचा अर्थ. पेगीच्या सूचनांत भीती आणि भयपट धर्तीचा आशय यांचाही समावेश आहे. लहान मुलांच्या बाबतीत या वर्गीकरणाचा उपयोग निश्चित आहे. तथापि ‘काल्पनिक’ हा शब्द दृश्याच्या रूपाविषयी सांगतो, परिणामाविषयी नाही. ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम’ (१९९८) सर्वांसाठी योग्य या गटात होता. त्यात गावातील विहिरीच्या तळाशी छळाची जागा आहे, आणि नजरेने नायकाला जागीच खिळवून किंचाळत अंगावर येणारी प्रेते आहेत. अनेक मोठ्या माणसांना ती बालपणीची भीती अजून आठवते. या गेमच्या नंतरच्या प्रतींत शेवटच्या खलनायकाचे रक्त लालऐवजी हिरवे करण्यात आले. विहीर मात्र तशीच राहिली.

वयाच्या आकड्याची मूळ अडचण अशी, की त्रास वयाप्रमाणे घडत नाही. चाळीस वर्षांचा माणूस मुंडकी उडताना निवांत पाहील आणि पडद्यावर कोळी दिसताच कंट्रोलर खाली टाकेल.

कोळी

भयगंडाचा विचार गेमनिर्मात्यांनी सर्वांत आधी आणि सर्वांत मनापासून केला तो कोळ्यांच्या बाबतीत. अद्भुतरम्य गेममध्ये महाकाय कोळी हा जवळपास ठरलेला शत्रू असतो, आणि कोळ्यांचा भयगंड हा अतिशय परिचित भयगंड आहे. ‘स्कायरिम’ (२०११) मध्ये सुरुवातीच्याच एका थडग्यात जाळ्यांनी भरलेल्या दालनात असा कोळी छतावरून उतरतो. खेळाडूंनी त्यावर स्वतःच तोड काढली. कोळ्यांच्या जागी अस्वले ठेवणारा मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणारी जोडफाईल, त्यांनी तयार केला. अस्वल जास्त धोकादायक प्राणी आहे, हे येथे गौण ठरते. अशा भयगंडाचा संबंध खऱ्या धोक्यापेक्षा आकाराशी आणि हालचालीशी जास्त असतो.

पुढे निर्मात्यांनीच ही सोय सेटिंगमध्ये देण्यास सुरुवात केली. ‘ग्राउंडेड’ (२०२०) या गेममध्ये माणसे मुंगीएवढी होऊन अंगणातल्या गवतात भटकतात, म्हणजे कोळी टाळणे शक्यच नाही. तेथे एक सरकपट्टी दिली आहे. ती सरकवत नेली की कोळ्याचे पाय कमी होत जातात, पुढे तपशील गळतात आणि शेवटी हवेत तरंगणारे गोळे उरतात. शत्रू शत्रूच राहतो, लढाई चुकत नाही, फक्त जे पाहवत नाही तेवढे निघून जाते. ही योजना आदर्श मानावी अशी आहे. सगळे किंवा काहीच नाही अशी निवड तिच्यात नाही. किती सोसायचे ते खेळाडू ठरवतो आणि पाहिजे तेव्हा बदलतो. ‘हॉगवर्ट्स लेगसी’ला २०२४ मधील अद्ययावतीकरणात अशीच सोय मिळाली. ‘बाल्डर्स गेट ३’ (२०२३) मध्ये नग्नता झाकण्याचे पर्याय आहेत. प्राण्यांना होणारी इजा, लहान मुलांचा मृत्यू किंवा आत्महत्या यांसाठी मात्र असे पर्याय क्वचितच आढळतात. कोळ्याचे चित्र बदलणे सोपे असते, कथेचा कणा बदलणे सोपे नसते.

मनोविकाराचे चित्रण

‘हेलब्लेड : सेनुआज सॅक्रिफाइस’ (२०१७) या गेमची नायिका प्रियकराचा आत्मा सोडवण्यासाठी नॉर्स (प्राचीन उत्तर युरोपीय) पुराणकथांतील पाताळात जाते. तिला सायकोसिस, म्हणजे भास-भ्रमांमुळे वास्तवाशी नाते सुटण्याचा मनोविकार, आहे. भोवती सतत आवाज असतात. हेडफोन लावला तर ते कधी कानामागून, कधी कानाशी कुजबुजतात, हिणवतात, क्वचित वाटही दाखवतात. केंब्रिज विद्यापीठातील मनोविकारतज्ज्ञ आणि चेताविज्ञानाचे प्राध्यापक पॉल फ्लेचर तसेच सायकोसिस अनुभवलेल्या व्यक्ती यांचा सल्ला घेऊन हे चित्रण केले गेले. त्याला आरोग्यविषयक संशोधनाला निधी देणाऱ्या वेलकम ट्रस्ट या संस्थेचे साहाय्य होते. गेम सुरू होतानाच सायकोसिसच्या चित्रणाविषयी स्पष्ट सूचना येते. २०१८ मध्ये त्याला पाच बाफ्टा (ब्रिटिश अकादमीचे) पुरस्कार मिळाले.

या गेममधील एक गोष्ट मात्र वादाची ठरली. वारंवार हरल्यास नायिकेच्या हातावरची काळी सड डोक्यापर्यंत पोहोचेल आणि सगळी प्रगती पुसली जाईल, असा इशारा सुरुवातीला मिळतो. खेळाडूंनी पडताळून पाहिल्यावर तसे होत नाही असे आढळले. नायिकेची धास्ती खेळाडूच्या अंगात उतरवण्याची ही युक्ती कलेच्या अंगाने विलक्षण आहे. परंतु चिंतेचा विकार असलेल्या खेळाडूला तिने किती काळ वेठीला धरले असेल, हा प्रश्नही न्याय्य आहे. सूचना देणाऱ्या गेमने दुसरीकडे खोटी धमकी द्यावी का, याचे उत्तर अजून एकमताने मिळालेले नाही.

शारीरिक धोका

लखलखणाऱ्या प्रकाशाचा प्रश्न वेगळा आहे, कारण त्यात इजा शारीरिक असते. प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्या व्यक्तीला जलद उघडझाप करणाऱ्या प्रकाशाने, विशेषतः गडद लाल प्रकाशाने, फिट येऊ शकते. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये पोकेमॉन या दूरचित्रवाणीवरील कार्टून मालिकेच्या एका भागातील लाल-निळ्या लखलखाटानंतर सुमारे ६८५ जणांना, त्यांत बहुतांश मुले, रुग्णालयात न्यावे लागले. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट नसावा, हा आज सर्वमान्य दंडक आहे. जादूचे स्फोट आणि विजांचे मंत्र हे या प्रकारच्या गेमचे दागिनेच असल्याने येथे केवळ सूचना देऊन भागत नाही. लखलखाट कमी करण्याची सोय असलीच पाहिजे.

सूचनांचा उपयोग

हिंसक गेममुळे खेळाडू हिंसक बनतो का, हा प्रश्न क्लेशाच्या प्रश्नात नेहमी मिसळला जातो. ते दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याबाबत अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये असे स्पष्ट केले, की गेम आणि प्रत्यक्ष हिंसाचार यांचा संबंध जोडण्याइतका पुरावा नाही. ओरडणे, ढकलणे अशा आक्रमक वर्तनाशी मात्र लहानसा संबंध दिसतो. दुसऱ्या प्रश्नात खेळाडू इतरांचे काय करील हा मुद्दाच नाही. त्याचे स्वतःचे काय होते, एवढेच पाहायचे असते.

आशयसूचनांविषयीचे संशोधन अनेकांच्या अपेक्षेविरुद्ध गेले आहे. निरनिराळ्या माध्यमांतील सूचनांवर झालेल्या प्रयोगांचा एकत्रित आढावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सूचना वाचल्याने आशय पाहतानाचा त्रास कमी होत नाही आणि पाहण्याआधीची धाकधूक मात्र थोडी वाढते, असे त्यात आढळले. लोक सूचना वाचून आशय टाळतात असेही दिसले नाही. यावरून सूचना निरर्थक ठरवणे घाईचे होईल, कारण गेममध्ये सूचनेला कृतीची जोड देता येते. ‘पुढे त्रासदायक दृश्य आहे’ एवढेच सांगितले तर खेळाडू ताटकळत बसतो. ‘पुढे बालमृत्यूचा प्रसंग आहे, हा भाग वगळता येईल, कथेचा सारांश मिळेल’ असे सांगितले तर त्याला खरी निवड मिळते. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांत ही समज आधीपासून आहे. तेथे फुलीचे चिन्ह असलेले एक कार्ड मध्यभागी ठेवतात. कोणीही त्याला बोट लावले की चाललेला प्रसंग थांबतो किंवा बदलतो, कारण विचारले जात नाही. तेथे कथा सांगणारा माणूस समोर असतो, म्हणून हे जमते. संगणकाला असा प्रसंग आधीपासून लिहून ठेवावा लागतो.

सूचनेविरुद्ध सर्वांत जुना आक्षेप रहस्यभंगाचा आहे. भाऊ मरणार हे आधीच कळले तर प्रवासाची गोडी जाते. म्हणून काही निर्माते मेनूत दोन पायऱ्यांची यादी ठेवतात. वर ‘मृत्यू आणि शोक’ इतकेच, आणि त्यावर दाबले तर कोणाचा, कोणत्या टप्प्यावर, कितपत तपशिलाने हे उघडते. जेथे निर्मात्याने काहीच लिहिलेले नसते तेथे खेळाडूच एकमेकांसाठी अशा याद्या तयार करतात. अशा सामूहिक याद्यांत गेममधला कुत्रा मरतो का, हा प्रश्न ठळकपणे विचारलेला असतो.